महागडा म्युझिक प्लेअर घेऊनही आवाज तसाच का, आणि गाण्यांचा संग्रह नीट कसा लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय गायनाच्या सीडी, नाट्यसंगीत-भावगीतांच्या एमपी३ डिस्क आणि घरगुती बैठकींच्या कॅसेट, हे सगळे तुम्ही २५६ जीबीच्या कार्डावर घातलेत आणि त्यासाठी खास म्युझिक प्लेअर घेतलात. पण आवाज फोनपेक्षा फारसा चांगला वाटत नाही. संथ लयीतला बडा ख्याल संपून जलद लयीतला छोटा ख्याल सुरू होताना मध्येच खंड पडतो. एकाच गायकाची चार-चार नावे दिसतात, आणि काही ठिकाणी नावाऐवजी नुसते चौकोन. तेव्हा यापेक्षा वरचा प्लेअर घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. पुण्यात लोकांच्या घरच्या कॅसेट, तबकड्या डिजिटल करून देण्याचे आणि असे संग्रह लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. या तक्रारींच्या मुळाशी प्लेअर क्वचितच असतो. आवाज आधी मूळ फाइलीत ठरतो, मग इअरफोन कानात कसा बसला आहे त्यावर, मग आवाजाच्या पातळीवर, आणि सगळ्यात शेवटी प्लेअरवर. शिवाय हा प्लेअर काही वर्षांनी बदलणारच आहे, संग्रह मात्र पुढच्या प्रत्येक प्लेअरवर तोच जाणार. म्हणून वेळ आणि पैसा आधी संग्रहावर घाला.

सुरुवात फाइली तपासण्यापासून करा. ‘स्पेक’ नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम आहे. फाइल त्यात टाकली की कोणत्या कंप्रतेपर्यंत, म्हणजे किती उंच स्वरापर्यंत, आवाज आहे त्याचे चित्र दिसते. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ कडा असते, ३२० केबीपीएसमध्ये ती २०च्या आसपास जाते आणि सीडीवरून थेट घेतलेल्या फाइलीत आवाज २२ किलोहर्ट्झपर्यंत पोचू शकतो. इथे एक सावधगिरी हवी. ७८ आरपीएमच्या तबकड्या किंवा जुन्या कॅसेट यांच्यात वरच्या भागात मुळातच फारसे काही नसते, त्यामुळे नुसते वर काही दिसत नाही म्हणून फाइल वाईट ठरवू नका. आवाज हळूहळू विरळ होत गेला असेल तर तो मूळ ध्वनिमुद्रणाचा स्वभाव. एकदम तुटला असेल तर ते कॉम्प्रेशनचे, म्हणजे फाइल लहान करताना आवाजाचा काही भाग टाकून देण्याचे, काम.

कानाने ओळखायचे असेल तर गायकाकडे लक्ष देऊ नका, कारण मध्यसप्तकातला आवाज हलक्या एमपी३मध्येही बऱ्यापैकी टिकतो. दोन आलापांच्या मधल्या जागेत तानपुरा ऐका. जवारी (तारांना झणकार देणारी घोडीवरची मांडणी) नीट लागलेल्या तानपुऱ्यात वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरातून आपोआप उमटणारे स्वर, अखंड झिरपत राहतात. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये त्यांना थरथर सुटते, कधी काही स्वर गायब होतात, कधी परत येतात. एमपी३ एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्रॅम, ११५२ नमुन्यांच्या, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत काम करतो आणि कोणत्या स्वराला किती बिट द्यायचे हे पुन्हा पुन्हा नव्याने ठरवतो. बिट कमी पडले की नाजूक वरचे स्वर आधी बळी जातात. दुसरी जागा म्हणजे तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’. त्या आघाताच्या ऐन आधी हलकी ‘फस्’ ऐकू आली तर तोही कॉम्प्रेशनचाच दोष, कारण आघाताचा गोंगाट त्याच तुकड्यात मागे पसरतो. ही दोन ठिकाणे एकदा कानात बसली की चित्र पाहण्याची गरज फारशी उरत नाही.

तुम्ही लिहिले आहे की काही एमपी३ फ्लॅकमध्ये (आवाजातले काहीही न टाकता फाइल लहान करणारा प्रकार) बदलून घेतल्या. त्या काढून टाका आणि मूळ एमपी३ ठेवा. एकदा गेलेले परत येत नाही, नुसती जागा तिप्पट-चौपट लागते, आणि पुढे ही फाइल खरी कोणती याचा पत्ता लागत नाही.

सीडी मात्र सगळ्या संगणकावर पुन्हा उतरवून घ्या. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी वापरा, आणि फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. हे प्रोग्रॅम वाचलेला डेटा इतरांनी त्याच सीडीवरून घेतलेल्या डेटाच्या यादीशी ताडून पाहतात. मराठी आणि शास्त्रीय संगीताच्या अनेक भारतीय सीडी त्या यादीत सापडत नाहीत. अशा वेळी तीच सीडी दोनदा वाचा आणि दोन्ही वेळचे चेकसम (डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळतात का पाहा. सीडीवर डाग असतील तर कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड घ्या, आणि मधून बाहेरच्या कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका. जागेची काळजी नको. सीडीचा एक तास मुळात सुमारे ६३५ एमबीचा असतो आणि फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे तुमच्या कार्डावर सातशे-आठशे तास सहज मावतील. जुनी, खऱ्या अर्थाने मोनो असलेली ध्वनिमुद्रणे तर आणखी लहान होतात, कारण दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज असतो आणि फ्लॅक तो दोनदा साठवत नाही.

कॅसेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या संग्रहातला तोच भाग असा आहे की जो दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. पुण्यात घरोघरी अशा मैफलींच्या कॅसेट आहेत आणि बहुतेक वेळा त्या चुकीच्या पद्धतीने उतरवल्या जातात. सगळ्यात मोठा फरक पडतो तो हेडच्या, म्हणजे डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागाच्या, कोनाने. कॅसेट ज्या डेकवर भरली गेली त्याचा हेड टेपशी ज्या कोनात होता, त्याच कोनात तुमच्या डेकचा हेड असायला हवा. तो किंचित जरी फिरला असेल तरी वरचे स्वर नाहीसे होतात आणि आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि तो स्क्रू अगदी हळू, थोडा इकडे थोडा तिकडे फिरवा. एका जागी तानपुरा आणि तबल्याची किनार एकदम उघडते. ती जागा त्या कॅसेटची. पुढच्या कॅसेटला पुन्हा लावावे लागते, कधी कधी त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूलाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या डेकचा पट्टा सैल असला की पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, बदलते. वेग सुमारे सहा टक्के वाढला की पांढरी एकची काळी एक होते. गायक कोणत्या पट्टीत गात असे हे घरातल्या जाणत्यांना बहुधा ठाऊक असते, त्यांना विचारा. संवादिनीची (पेटीची) साथ असेल तर तिच्याशी ताडून पाहता येते. मात्र जुन्या पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर असतीलच असे नाही, त्यामुळे अगदी बारीक फरकासाठी तिच्यावर विसंबू नका. कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवून घ्या, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आतच राहू द्या, आणि मूळ प्रतीतली खरखर काढू नका. खरखर काढणाऱ्या प्रोग्रॅमांचा हात जरा जड पडला की गायकाचा श्वास, तानपुऱ्याची जवारी आणि श्रोत्यांची दाद यांतलेही काही खरखरीबरोबर जाते. हवी तर ऐकण्यासाठी वेगळी, हलक्या हाताने साफ केलेली प्रत करा.

आता खंड पडण्याबद्दल. एमपी३ फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी शांतता घालतोच, कारण शेवटचा तुकडा पुरा भरावा लागतो. लेम एन्कोडरने केलेल्या फाइलीत ही शांतता किती आहे याची नोंद असते आणि चांगला प्लेअर तेवढा भाग गाळतो. जुन्या किंवा दुसऱ्या एन्कोडरने केलेल्या फाइलीत ती नोंद बहुधा नसते, मग प्लेअर काही करू शकत नाही. फ्लॅकमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून सीडी पुन्हा उतरवल्यावर सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ (फाइली खंड न पडता सलग वाजवणे) चालू करा आणि ‘क्रॉसफेड’ (एक फाइल दुसरीत मिसळणे) बंद करा. मग विलंबिताची शेवटची सम आणि द्रुत बंदिशीचा मुखडा सलग ऐकू येतील. एमपी३ डिस्कवरच्या ज्या फाइलींना दुसरा स्रोतच नाही, त्या तशाच राहू द्या.

फाइलींनंतर कान. इअरफोनची रबरी टोके तुमच्या कानाच्या मापाची आहेत का, हे तपासल्याशिवाय प्लेअरविषयी काही बोलण्यात अर्थ नाही. त्यासाठी डग्गा ऐका. घिस्सा मारून (डग्ग्यावर मनगट घासून) स्वर खाली-वर जातो तो नुसता ‘टप्’ असा आला तर टोक नीट बसलेले नाही आणि खालचा आवाज बाहेर गळतो आहे. एक माप मोठे टोक लावा किंवा फोमचे घ्या. लोक इथे बेस बूस्ट लावतात. तो लावू नका. त्याने डग्गा फुगतो आणि गायकाचा खर्ज झाकला जातो.

तुमचे हेडफोन ब्लूटूथचे आहेत असे प्रश्नावरून वाटते. तसे असेल तर तुमच्या महाग प्लेअरमधला डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि अँप्लिफायर वापरातच नाहीत. ब्लूटूथवर प्लेअर फक्त आकडे पाठवतो. त्यांचा आवाज हेडफोनच्या आतल्या चिपमध्ये तयार होतो, मग पाठवणारा फोन असो की प्लेअर. एलडॅक (ब्लूटूथवर जास्त डेटा पाठवण्याची पद्धत) चालायला दोन्ही बाजूंना ते असावे लागते, आणि ते ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसवर चालते. गर्दीत जोडणी टिकवायला ते बहुधा खाली उतरते. आयफोनमध्ये एलडॅक नाही, तिथे एएसी ही, एमपी३सारखी आवाज लहान करणारी, पद्धत असते. प्लेअरचे पैसे वसूल करायचे असतील तर वायर लावा.

वायर लावल्यावरही तुलना नीट करा. दोन उपकरणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते तेच आपल्याला अधिक स्वच्छ वाटते, अगदी एका डेसिबलचा फरकही पुरतो. १०० हर्ट्झचा अखंड स्वर असलेली फाइल दोन्हींवर वाजवा, इअरफोन जोडलेला ठेवून जॅकवरचे एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा आणि दोन्ही सारखे करा. साधे मल्टिमीटर विजेच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असते, म्हणून इतका खालचा स्वर घ्यायचा. उंच स्वराला त्याचा भरवसा नाही. पातळी सारखी केल्यावर आजकालचा बरा फोन किंवा साधा यूएसबी-सीचा चांगला डोंगल (फोनला वायरचा इअरफोन जोडणारा छोटा जोड) आणि प्लेअर यांतला फरक बहुतेकांना सांगता येत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. फरक उरतो तो बहुधा इंपिडन्सचा, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत अडथळ्याचा. प्लेअरचा आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. १६ ओहमच्या इअरफोनला १० ओहमचा प्लेअर लावला तर इअरफोनच्या जातीप्रमाणे आवाजाचा तोलच बदलू शकतो. वेगवेगळ्या केबल, डॅकचे चार-पाच फिल्टर यांच्यामागे मी वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका.

आणि कुठे ऐकता हेही पाहा. पीएमपीच्या बसमध्ये किंवा लक्ष्मी रोडवरून चालताना सीडी आणि २५६ केबीपीएसची एएसी फाइल यांत काही कळत नाही. तिथे बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन कुठल्याही फाइलीपेक्षा जास्त उपयोगी, कारण मग आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि रस्त्यावर आपण ती सहज ओलांडतो.

आता नावे. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि इंग्रजीतले एक, असे चार गायक तुमच्या प्लेअरवर आहेत, कारण त्याच्यासाठी एका टिंबाचा फरकही वेगळा माणूस. माझा नियम असा की कलाकाराच्या रकान्यात पं., उ., डॉ. यांतले काही घालायचे नाही. काहींना हे खटकते. पण गायकाचा मान राखायचा तर त्याची सगळी गाणी एका ठिकाणी सापडायला हवीत, आणि उपाधी शेरा लिहिण्याच्या रकान्यात जाऊ शकते. ‘एमपी३टॅग’ या प्रोग्रॅममध्ये चारही नावांच्या फाइली एकदम निवडून नाव एकदाच लिहिता येते. आपोआप नावे भरणाऱ्या सेवांचा मराठी नाट्यसंगीताला फारसा उपयोग होत नाही, हाताने भरणे लवकर होते.

मराठीत आणखी एक खोच आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिले जाते. एकदा एकच अक्षर म्हणून, एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण प्लेअर ती वेगळी धरतो आणि एका अल्बमचे दोन होतात. ‘ऱ्या’सारख्या जोडाक्षरांतही हेच होते. दिसायला सारखी नावे दोनदा येत असतील तर एक नाव कॉपी करून दोन्हीकडे चिकटवा.

चौकोन दिसतात ते बहुधा दोन कारणांनी. एक तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही, किंवा टॅग (फाइलीतच साठवलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) जुन्या पद्धतीचा आहे. आयडी३ या एमपी३च्या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला फक्त ३० जागा होत्या आणि देवनागरीची सोय नव्हती. एमपी३टॅगमध्ये तो काढून आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ (देवनागरी अक्षरे साठवू शकणारी पद्धत) निवडा, हे बहुतेक प्लेअर वाचतात. फॉन्ट असूनही काही स्वस्त प्लेअरवर ‘किशोरी’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. त्याला इलाज नाही. मी स्वतः फाइलींची आणि फोल्डरांची नावे रोमन लिपीत ठेवतो, म्हणजे गाडीतल्या स्टिरिओवरही ती दिसतात, आणि टॅग देवनागरीत ठेवतो.

प्लेअरच्या पडद्यावर गायक, अल्बम, जॉनर (संगीताचा प्रकार) आणि संगीतकार एवढेच मार्ग असतात, त्यांत राग शोधायचा कसा? शास्त्रीय संगीतासाठी मी जॉनरच्या रकान्यात रागाचे नाव लिहितो. तिथे ‘इंडियन क्लासिकल’ असे शेकडो फाइलींवर लिहून काहीच साधत नाही, आणि ‘मारवा’ लिहिले की सगळ्यांचा मारवा एका यादीत येतो. त्यासाठी रागांच्या नावांची एक यादी आधी करून घ्या आणि ‘मालकंस’ की ‘मालकौंस’ ते ठरवून टाका. भावगीतांत संगीतकार त्याच्या रकान्यात जातो, कवीचे नाव मी शीर्षकातच जोडतो, कारण गीतकाराचा रकाना बहुतेक प्लेअर दाखवतच नाहीत. नाट्यपदांसाठी नाटकाचे नाव अल्बमच्या जागी घाला. ‘मानापमान’ १९११चे आणि त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे, पण त्यातले एकच पद बालगंधर्वांपासून आजवर कितीतरी जणांनी गायले आहे. नाटकाच्या नावाखाली ते सगळे शेजारी शेजारी येतात. घरगुती मैफलींना तारीख, जागा आणि साथीदार यांची नोंद आजच करा. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच ती होईल.

क्रमासाठी ट्रॅकनंबर ०१, ०२ असे दोन आकडी लिहा, नाहीतर १ नंतर १० येतो. मुखपृष्ठाचे चित्र ५००-६०० पिक्सेलचे आणि साधे जेपेग ठेवा. प्रोग्रेसिव्ह जेपेग अनेक प्लेअरना उघडता येत नाही. जुन्या तबकड्या आणि नवी गाणी यांच्या आवाजातला फरक रिप्लेगेनने मिटवा. ते फक्त टॅगमध्ये आवाज किती कमी-जास्त करायचा याचा आकडा लिहिते, मूळ आवाजाला हात लावत नाही. सरमिसळ ऐकताना ‘ट्रॅक’ आणि ख्याल ऐकताना ‘अल्बम’ असे ठेवा, म्हणजे आलापाचा हळुवारपणा टिकतो.

कार्ड तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३ चालवून पूर्ण क्षमता तपासल्याशिवाय त्यावर काही ठेवू नका. बनावट कार्ड क्षमता खोटी दाखवते आणि मर्यादा संपल्यावर आधीच्या फाइली मुकाट्याने खराब करत जाते. कार्ड ही नेहमी प्रत. मूळ संग्रह संगणकाच्या डिस्कवर, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि कॅसेटवरून घेतलेल्या फाइलींची तिसरी प्रत दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी.

हे सगळे झाल्यावर वरचा प्लेअर घेण्याची कारणे मोजकीच उरतात. संवेदनशील इअरफोनमध्ये गाणे थांबल्यावर ‘स्स’ ऐकू येत असेल, ३०० ओहमच्या हेडफोनला आवाज पुरत नसेल, किंवा प्लेअर गॅपलेस आणि देवनागरी यांतले काही जमवतच नसेल, तर घ्या. घरात जुना आयपॉड क्लासिक पडला असेल तर आधी त्यावर रॉकबॉक्स ही पर्यायी प्रणाली घालून पाहा. त्याच्या मूळ प्रणालीत फ्लॅक चालत नाही, रॉकबॉक्समध्ये चालते आणि गॅपलेसही मिळते. आणि नवा घ्यायचाच झाला तर दुकानात स्वतःचे कार्ड आणि स्वतःचा वायरचा इअरफोन घेऊन जा, एक बडा ख्याल छोट्या ख्यालात जाताना ऐका, यादीत ‘किशोरी’ची वेलांटी पाहा आणि मगच पैसे द्या.